हक्काच्या शिव्या

“हातांना लोणी फासून आली होती! आणि जिनं हिला जन्माला घातलं त्या बाईला तर मी...”

त्या बाईचं सेल्मो काय करणार होता ते इथं सांगण्यात अर्थ नाही. अड्ड्याच्या दारात पाऊल टाकलेल्या एतेल्विनानं मात्र ते शेवटच्या अक्षरापर्यंत ऐकलं. त्यात नवं काहीच नव्हतं. स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावरच्या या हिहोनमध्ये फुटबॉलची शिवी आईपासूनच सुरू होते, आणि सेल्मो तर गेली चाळीस वर्षं दर सोमवारी याच कोपऱ्यात, याच पिंपाला टेकून, कुठल्या ना कुठल्या खेळाडूच्या आईचा उद्धार करत आला होता. त्याचा स्वतःचा फुटबॉलशी संबंध म्हणजे क्लबाचं सभासदत्व आणि एक दुखरा गुडघा; बाकी सगळं उंटावरून शेळ्या हाकणं. एतेल्विनाला त्याच्या शिव्यांची इतकी सवय झाली होती की समुद्राच्या आवाजासारख्या त्या ऐकू येऊनही ऐकू येत नसत. पण आज शिव्या खाणारी ओलाया होती. तिची नात. काल मोठ्या मैदानावर बायकांच्या संघाच्या गोलमध्ये उभी होती ती ओलाया. आणि जन्माला घालणारी ती बाई म्हणजे एतेल्विनाची पोटची पोर निएवेस, जी या क्षणी दोन गल्ल्या पलीकडच्या औषधांच्या दुकानात कुणाला तरी खोकल्याचं औषध बांधून देत होती. बाटली डोक्यावर उंच धरून खालच्या पेल्यात सिद्रा, म्हणजे सफरचंदाची दारू, ओतणाऱ्या मालकानं, शुर्देनं, एतेल्विनाला पाहिलं आणि त्याची धार पेल्याबाहेर, जमिनीवरच्या भुशावर पडली. धार चुकणं ही शुर्देच्या बाबतीत घडणारी गोष्ट नव्हती. सगळा अड्डा वळून बघायला लागला. सेल्मोही वळला, आणि त्याचे कान शिजलेल्या खेकड्यासारखे लाल झाले.

“एतेल्विना,” तो म्हणाला, “अगं, तुझ्या नातीबद्दल नव्हतो बोलत मी. गोलकीपरबद्दल बोलत होतो.”

कुणी हसलं नाही. सेल्मो खोटं बोलत नव्हता, हे सगळ्यांनाच कळत होतं. एतेल्विनाच्या पिशवीत मासा होता आणि घरातली सिद्रा संपली होती, एवढ्याचसाठी ती आत आली होती. तिनं शुर्देकडे एक बाटली मागितली, “माशासाठी हवी, साधी दे” असं उगाचच सांगितलं, बाटली काखेत मारली आणि बाहेर पडली. घराकडे न वळता ती समुद्राकडे गेली आणि किनाऱ्याच्या दगडी कठड्यावर बसली. भरती होती. खाली लाटा भिंतीवर येऊन फुटत होत्या, आणि कुत्री फिरवणारी माणसं छत्र्या न उघडता भुरभुरीत भिजत चालली होती. तिला वाटलं, हा राग आहे. यायलाच हवा होता राग. रक्ताची नात आहे, शेंबूड पुसलाय तिचा. मग तिनं तो राग हातात धरून पाहावा तसा नीट पाहिला, आणि तिच्या लक्षात आलं की तो राग नाहीच. देवळात गेल्यावर आपोआप आवाज खाली येतो, तसं काहीतरी तिला झालं होतं. आणि हे एका दारुड्याच्या शिव्यांमुळे झालं होतं, याची तिला लाजही वाटत होती.

कारण सेल्मोच्या तोंडून ‘बिचारी’ आलं नव्हतं. एवढंच होतं ते. सहा-सात वर्षांपूर्वी क्लबाचा बायकांचा संघ वरच्या विभागात चढला तेव्हा हाच सेल्मो म्हणायचा, “छान खेळतात हो पोरी, मनापासून खेळतात.” लहान मुलानं काढलेलं घराचं चित्र बघून माणूस ज्या आवाजात बोलतो, तो आवाज. त्या आवाजात बोलणारा माणूस चित्र पुन्हा कधी बघत नाही. टीव्हीवर शहाणी माणसं बसून चर्चा करायची, बायकांचा खेळ पुरुषांच्या बरोबरीला कधी येईल का. एक जण स्नायूंविषयी बोलायचा, दुसरा जाहिरातींविषयी, तिसरी बाई पगाराविषयी, आणि सगळे शेवटी ‘वेळ लागेल’ म्हणून कॉफी प्यायचे. एतेल्विना तो कार्यक्रम बटाटे सोलत बघायची. सेल्मोची झोप उडाली का, हे कुणीच विचारायचं नाही. आज त्याचे डोळे तांबारलेले होते. काल शेवटच्या मिनिटांत एक साधा, जमिनीवरून सरपटत आलेला चेंडू ओलायाच्या हातांतून निसटून पायांमधून आत गेला होता, संघ एका गोलनं हरला होता, आणि येत्या रविवारीही हरला तर खालच्या विभागात घसरणार होता. त्यापायी हा म्हातारा रात्रभर तळमळला होता. एका बाईच्या चुकीमुळे! एतेल्विनाच्या अंगावर काटा आला. तिनं दंडावरून हात फिरवला आणि काटा बसायची वाट पाहत राहिली.

तिला कोणी अशी शिवी दिली नव्हती. सात गोल खाल्ले होते तिनं, एका दुपारी. हुकूमशहा अजून जिवंत होता आणि ती अठरा वर्षांची, तंबाखूच्या कारखान्यात आईच्या शेजारच्या बाकावर सिगार वळायची. खाणीच्या खोऱ्यातल्या एका गावाच्या जत्रेत ‘मुलींचा फुटबॉल’ ठेवायचं कुणाच्या तरी डोक्यात आलं, गाढवांच्या शर्यतीनंतर आणि बेडूकउड्यांच्या आधी. कारखान्यातल्या मुली तयार झाल्या. एतेल्विना गोलकीपर, कारण भाऊ ओनोफ्रे गोलकीपर होता आणि त्याला सराव देण्यासाठी लहानपणापासून तीच मागच्या अंगणात त्याच्यावर चेंडू मारायची आणि झेलायची. ती सहा आठवडे गुपचूप तयारी करत होती. चेंडू छातीशी कसा घ्यायचा, बोटांच्या मागे अंगठे कसे ठेवायचे, हे झोपेतही तिचे हात करायचे. आणि त्या दुपारी मैदानात पाऊल टाकलं तेव्हा ध्वनिक्षेपकावरचा माणूस म्हणाला, “या आल्या आपल्या फुलराण्या, लिपस्टिक सांभाळा गं!” लोक पोट धरून हसले. ती धावली की टाळ्या. ती पडली की जास्त टाळ्या. पहिला गोल तिच्या डोक्यावरून गेला, कारण ती पुढे येऊन उभी राहिली होती, चूक तिची होती, शंभर टक्के तिची. तिनं मान खाली घालून शिव्यांची वाट पाहिली, आणि स्टँडमधून तिच्यावर लिमलेटच्या गोळ्या उधळल्या गेल्या. दुसऱ्या गोलला पुन्हा गोळ्या. सातव्या गोलनंतर नगरपालिकेच्या एका जाड्या गृहस्थानं मैदानात येऊन तिचा गालगुच्चा घेतला, आणि खाणकामगारांनी तिला खांद्यावर घेऊन फिरवली. सगळे किती चांगले होते! एकही माणूस वाईट वागला नाही. खांद्यावर बसलेली ती वरून सगळ्यांची हसरी तोंडं बघत होती, आणि तिला ओरडून सांगायचं होतं, अरे, मी पुढे उभी होते, दिसलं नाही का तुम्हाला? कुणालाच दिसलं नव्हतं. बघायलाच कुणी आलं नव्हतं. बसमध्ये बाकीच्या मुली गोळ्या खात गात होत्या; ती खिडकीला डोकं टेकून बसली होती, आणि मग पुन्हा ती कधी खेळली नाही. लोकांना वाटलं, लग्न ठरलं म्हणून.

त्याच महिन्यात ओनोफ्रेनं गोल खाल्ला होता, आणि ते आठवलं की अजूनही एतेल्विनाला चोरी केल्यासारखं होई. एकच गोल, पण तसाच, हातातून निसटलेला. पुरुषांच्या संघात त्याचा तो तिसरा सामना. मैदानभर शिट्ट्या झाल्या. तिथं शिट्टी म्हणजे कौतुक नव्हे. शिट्टी म्हणजे नालायका, चालता हो. रात्री कुणीतरी घरावर दगड मारला आणि स्वयंपाकघराची काच फुटली. मासेवालीनं आईला सुटे पैसे देताना हातात न देता फळीवर टाकले. बापानं ओनोफ्रेशी आठवडाभर अबोला धरला. सूप वाढलं की बाप आपली ताटली उचलून खिडकीपाशी जाऊन बसायचा. ओनोफ्रे उशीत तोंड खुपसून रडायचा आणि पलीकडच्या खाटेवर एतेल्विना जागी असायची. तिला त्याची दया येत होती, खरंच येत होती. पण दयेच्या खाली दुसरंही काही होतं. सगळ्या गावाला ओनोफ्रेचा हात कुठं चुकला ते माहीत होतं. मासेवालीलाही माहीत होतं, डावा अंगठा. त्याच्या एका अंगठ्यापायी अख्ख्या शहराला जेवण जात नव्हतं! सकाळी काचा गोळा करताना तिनं तो दगड उचलून हातात तोलून पाहिला होता, चांगला वजनदार होता. तिला त्याचा हेवा वाटला होता. रडणाऱ्या सख्ख्या भावाचा हेवा. हे तिनं नवऱ्याला सांगितलं नाही, पाद्र्याला सांगितलं नाही. आता ओनोफ्रेही गेला, त्यालाही बारा वर्षं होऊन गेली.

ती घरी पोचली तेव्हा निएवेस दुकानातून येऊन स्वयंपाकघरात उभी होती, कोट अंगातच, आणि ओलायाचा फोन तिच्या हातात होता. टेबलापाशी ओलाया वाटीभर दूधपाव खात होती, एवढी थोराड पोरगी, हातांची बोटं टेपनं बांधलेली, आणि हातात लहान पोराची वाटी. तिचे डोळे सुजले होते.

“वाच,” निएवेस आईला म्हणाली. “वाच ही घाण. माणसं आहेत की कोण आहेत? ‘भांडी घासायला जा’ असं असतं तर मी म्हटलं असतं, जाऊ दे, गाढवं आहेत. पण हे बघ. हा म्हणतो, घसरलो तर तुला शहरात तोंड दाखवू देणार नाही. आणि प्रशिक्षक म्हणतो, खेळणार की नाही ते गुरुवारपर्यंत ठरव, नाहीतर दुसरी मुलगी उभी करतो. मी म्हणते, करू दे उभी! आई, तू सांग हिला. तुझं ऐकते ही.”

“भांडी घासायला जा असं कुणीच नाही लिहिलं?” एतेल्विनानं विचारलं.

“आई!”

“एकानं लिहिलंय,” ओलाया वाटीत बघत म्हणाली. “बाकीच्यांनी त्यालाच झापलंय. म्हणे, विषय भांड्यांचा नाही, हातांचा आहे.”

एतेल्विना खुर्चीवर बसली. पिशवीतला मासा बाहेर काढायचं तिला सुचलं नाही. तिच्या तोंडावर जे काही उमटलं असेल ते ओलायानं पाहिलं, आणि तिचा चमचा वाटीतच थांबला.

“ग्वेला,” ती म्हणाली. आजीला ती लहानपणापासून इथल्या बोलीत अशीच हाक मारायची. “तुला आवडलंय हे?”

“आवडलं असं नाही गं.”

“मग काय?”

एतेल्विनानं सगळे शब्द मनात चाचपून पाहिले, आणि एकच हाताला लागला. “हेवा वाटला,” ती म्हणाली.

निएवेसनं कपाळावर हात मारला. ओलायानं वाटी बाजूला सारली.

“हेवा,” ती म्हणाली. “मी काल घरी येताना टोपी घालून मागच्या रस्त्यानं आले. सकाळी पावाच्या दुकानात गेले तर बाई पाव देताना म्हणाली, ‘धर हं, पडेल हातातून.’ पुरुषांच्या संघातला तिसरा गोलकीपर, जो वर्षभर बाकावर बसून सूर्यफुलाच्या बिया खातो, त्याला माझ्या किती पट पगार मिळतो माहीत आहे ना? त्याला निदान पैसे मिळतात गं शिव्या खायचे! आमचं बरं आहे, शिव्या पुरुषांच्या भावानं आणि पगार बायकांच्या भावानं. आणि तू म्हणतेस हेवा.”

“मी एवढंच म्हणते...”

“मला नाही ऐकायचं.”

ती उठून आपल्या खोलीत गेली. तिनं दार आपटलं असतं तर बरं झालं असतं; तिनं ते हळू लावलं. निएवेस कोट न काढताच भिंतीला टेकली आणि म्हणाली, “तू म्हातारी झालीस, आई,” आणि मग तिनंच पिशवीतला मासा काढून धुवायला घेतला. त्या दिवशी सिद्रातला मासा कुणी नीट खाल्ला नाही. आठवडाभर ओलाया आजीशी कामापुरतंच बोलली. एतेल्विना रात्रंदिवस मनात वाद घालत राहिली, कधी स्वतःच्या बाजूनं, कधी नातीच्या. पोरगी खरंच बोलत होती. आपण काय मागितलं होतं आयुष्यभर? चांगलं मैदान, बसभाडं, कारखान्यात पुरुषांइतकी मजुरी, मान. मानाच्या पंगतीत हेही वाढलं जातं हे कुणी सांगितलं नव्हतं. पुरुषांच्या खेळातली सगळ्यात वाईट गोष्ट आधी यावी आणि चांगल्या मागून, रांगतरांगत, ही कसली बरोबरी? पण मग तिला सेल्मोचे तांबारलेले डोळे आठवत, आणि वाद तिथंच अडे. पैसे कुणी कायदा करून देऊ शकतं, उद्या देतीलही. सेल्मोची झोप कोण कायद्यानं उडवणार? ती स्वतःहून उडाली होती. हे जगात घडलं होतं, तिच्या हयातीत, तिच्या गल्लीत. आणि ते घडायला तिच्याच पोरीच्या पोरीला उशीत तोंड खुपसावं लागलं होतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या आणि एतेल्विनाच्या छातीत त्या एकमेकींना ढकलत होत्या. गुरुवारी संध्याकाळी ओलायानं खेळाची पिशवी उचलली आणि सरावाला गेली. निएवेसनं आईकडे असं पाहिलं की जणू पिशवी तिनंच भरून दिली होती.

रविवारी एतेल्विना मैदानावर गेली. ओलायाचे सामने ती घरी, टीव्हीचा आवाज बंद करून बघायची. मैदानाच्या स्टँडचं आणि तिचं त्या जत्रेपासून वाकडं होतं. निएवेस येणार नव्हती, पण ऐन वेळी “तुला जिने चढता येत नाहीत” म्हणून बरोबर आली. स्टँड खच्चून भरला होता. दोन ओळी पुढे सेल्मो, गळ्यात क्लबाचा लाल-पांढरा पंचा. त्यानं मागं वळून पाहिलं, बसायला अवघडला, पुन्हा वळला आणि शेवटी जिना चढून त्यांच्याजवळ आला.

“एतेल्विना, मी काय म्हणतो,” तो म्हणाला, “तिचं नाव पुकारतील तेव्हा शिट्ट्या होणार. मीही वाजवणार. तुझ्यादेखत... म्हणजे तुझी हरकत नसेल तर.”

“हरकत आहे!” निएवेस म्हणाली.

“वाजव,” एतेल्विना म्हणाली.

मग नावं पुकारली गेली. पहिल्याच नावाला, गोलकीपरच्या नावाला, ते सुरू झालं. आधी समोरच्या कोपऱ्यातून एक बारीक, चिरत जाणारा आवाज, मग डावीकडून, मग सगळीकडून. एतेल्विनानं ओनोफ्रेसाठी झालेल्या शिट्ट्या ऐकल्या होत्या, पण त्या बाहेर, भिंतीपलीकडे उभं राहून. आत बसून असं ऐकलं नव्हतं. कान भरले आणि मग आवाज कानात मावेना म्हणून दातांत गेला, छातीच्या फासळ्यांत गेला. शेजारची तरुण बाई कडेवरचं मूल सावरत दोन बोटं तोंडात घालून वाजवत होती. म्हातारे वाजवत होते. शाळेतल्या मुली वाजवत होत्या, ओलायाचाच शर्ट घातलेल्या. वीस हजार माणसं एका बाईवर मनापासून, जीव तोडून रागावली होती. कुणीही हसत नव्हतं. एतेल्विनानं चेहरे निरखून पाहिले, एकेक, खरंच कुणीही हसत नव्हतं. खाली, हिरव्या गवतावर, ओलाया गोलच्या दिशेनं चालत होती, घाई न करता. गोलपाशी पोचल्यावर तिनं दोन्ही खांबांना हात लावला, हातमोज्यांवर थुंकली आणि वळून उभी राहिली. एवढ्या आवाजाखाली माणूस सरळ उभं राहू शकतं! एतेल्विनाचे डोळे भरून आले आणि ती ते पुसेना. निएवेस रडत होती तिच्या कारणानं, ती रडत होती तिच्या. दोघींनी एकमेकींचे हात घट्ट धरले होते.

सामना बरोबरीत सुटला, एक-एक. तेवढं पुरेसं होतं, संघ वाचला. ओलायानं पहिल्या भागात दोन चेंडू अडवले, एक तर आडवी झेप घेऊन, बोटांच्या टोकांनी, स्टँडमधून ‘हं’ असा आवाज आला आणि सेल्मो म्हणाला, “हे तर करायलाच हवं, त्यासाठीच उभी आहे.” दुसऱ्या भागात कॉर्नरवर गोल गेला. ती गोलरेषेवर थांबली, पुढे आली नाही, समोर गर्दी होती, आणि चेंडू विरुद्ध संघातल्या एका उंच मुलीच्या डोक्याला लागून आत गेला. पुन्हा शिट्ट्या. एतेल्विनाच्या हातांनी आपोआप हालचाल केली होती, मांडीवरच. तिला वाटलं, यायला हवं होतं पुढे. शेवटची मिनिटं कशी गेली ते तिला कळलं नाही. शिट्टी झाली, रेफरीची, आणि लोक एकमेकांना मिठ्या मारायला लागले.

खेळाडूंच्या दारापाशी नेहमीप्रमाणे घोळका जमला होता. निएवेसला ओलायाला मागच्या दारानं न्यायचं होतं, पण ओलाया पुढच्याच दारानं आली, केस ओले, पिशवी खांद्यावर. आज टोपी नव्हती. घोळका बाजूला सरकला. तोंडावर बोलायचं म्हटलं की माणसाची जीभ मऊ पडते. सेल्मो पुढे आला, पंचा हातात घेतला, आणि त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो एतेल्विनानं लगेच ओळखला. तो तोच जुना, लिमलेटचा आवाज होता.

“छान खेळलीस हो, पोरी,” सेल्मो म्हणाला. “फार धीराची आहेस. मनापासून खेळलीस.”

बाकीच्यांनी माना डोलावल्या. कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. आता संपलं, एतेल्विनाला वाटलं; आता हिला खांद्यावर घेतील. तिनं पुढे पाऊल टाकलं. ओलायानं पिशवी काढली, मागं न बघता आजीच्या हातात दिली आणि सेल्मोच्या समोर जाऊन उभी राहिली. ती त्याच्याहून वीतभर उंच होती.

“छान?” ती म्हणाली. “मी गोल खाल्लाय, सेल्मो. तुम्ही सोमवारी शुर्देकडे काय म्हणालात ते अख्ख्या गल्लीला पाठ आहे. आज काय म्हणत होतात वर बसून?”

“जाऊ दे गं, वाचलो ना आपण.”

“नाही, सांगा. माझ्या तोंडावर सांगा. कॉर्नरच्या वेळी काय ओरडत होतात?”

सेल्मोनं एतेल्विनाकडे पाहिलं. एतेल्विनानं नजर हलवली नाही. सेल्मोचे कान लाल व्हायला लागले, मग मान, आणि मग बांध फुटावा तसा तो फुटला. “बाहेर का नाही आलीस?” तो ओरडला. “खुंट ठोकलाय का तुला रेषेवर? चेंडू सहा यार्डांत, तुझा होता तो, आंधळ्यालाही दिसत होता! जिनं तुला...” त्यानं निएवेसकडे पाहून तेवढं गिळलं. “आणि गेल्या रविवारी तो जमिनीवरचा चेंडू! गुडघा टेकायला काय झालं होतं?”

“गेल्या रविवारचा माझा. कबूल,” ओलाया ओरडली. “पण आज? माझ्या समोर दोन जणी उभ्या होत्या, एक आपली, एक त्यांची. उडून येऊ? तू कधी उभा राहिलायस का त्या रेषेवर?”

“मी चाळीस वर्षं बघतोय!”

“बघतोयस कुठून? वरून! वरून सगळंच सोपं दिसतं. इकडे ये, तू उभा राहा इथं, तू म्हणजे त्यांची ती उंच मुलगी. आता बघ, मला चेंडू दिसतो का?”

तिनं त्याचा दंड धरून त्याला फूटपाथवर उभं केलं. घोळक्यातला एक जण म्हणाला, ती इथं नव्हती, आणखी डावीकडे होती. दुसरा म्हणाला, डावीकडे कशाला, खांबापाशीच. ती कडेवर मूल घेतलेली बाई मधे घुसून खांब झाली. भुरभुर वाढली होती. सेल्मो हातवारे करत होता, त्याच्या तोंडाची थुंकी उडत होती, ओलायाचं बोट त्याच्या छातीवर आपटत होतं. तिच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता. आपल्याला कुणी घ्यायला आलंय हे ती साफ विसरली होती. “पुढच्या वर्षी ये, मग बोल,” असं ती म्हणाली आणि सेल्मो म्हणाला, “येणारच आहे, मला कोण अडवतंय!” पिशवी जड होती. एतेल्विनाच्या खांद्याला रग लागली, बूट भिजले, दुपारपासून पोटात काही नव्हतं. ती एका जागी उभी होती आणि तिला वाटत होतं, आपण श्वास जरी मोठ्यानं घेतला तरी हे मोडेल.

निएवेसनं तिचा कोपर ओढला. “आई, थांबव यांना. चल घरी. पोरगी आजारी पडेल.”

“थांब गं,” एतेल्विना म्हणाली. “अजून गेल्या रविवारच्या गुडघ्याचं राहिलंय.”